उतरवलेली पट्टी

मास्तर, बघून आले सिनेमा.

काल दुपारचा शो होता, परळच्या मॉलमध्ये. एकटीच गेले. मीनल म्हणाली होती, जाऊ नकोस आई, उगाच त्रास होईल. पण तिने स्वतः ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर बघितला आणि तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नव्हती. मग मी घरी बसून काय भिंतीला विचारू? सरकत्या जिन्यापाशी नेहमीसारखी अडले. तुम्ही असतात तर हात धरून म्हणाला असतात, "चल गं, चावत नाही तो." मागून एक बाई खेकसली, "काकी, जाताय ना?" मी गपचूप लिफ्ट शोधली.

सिनेमा काशीदादांचा आहे. जन्मापासून जाईपर्यंत सगळा. थिएटर भरलं होतं, नायगावची, डिलाईल रोडची बरीच माणसं होती, नाव पडद्यावर आल्याबरोबर सगळ्यांनी "जय भीम" केला. मी पण केला. मला रडूच आलं एकदम. आपल्या चाळीतला माणूस एवढा मोठा दिसतोय, कोणाला नाही येणार?

तुम्ही आहात त्यात. मीही आहे, म्हणजे कोरसमध्ये एक मुलगी गजरा घालून नुसती डोलते, ती मी असणार. अख्ख्या आयुष्यात मी कार्यक्रमाला गजरा घातला नाही, घामाने डोक्यात खाज सुटायची. ते जाऊ दे. तुमचं काम ज्याने केलंय तो बारीक मिशी ठेवून सारखं पान चघळतो. तुम्ही कधी सुपारी तोंडात टाकली नाहीत. आणि मिशी एकदा ठेवली होतीत तेव्हा चाळीतल्या पोरांनी तुम्हाला हवालदार म्हणून हाक मारली, दुसऱ्या दिवशी काढलीत. माझ्या शेजारी एक कॉलेजचा पोरगा बसला होता. मध्यंतरानंतर तो मित्राला म्हणाला, "हा पेटीवाला बघ, साला कसला हरामी आहे." मी त्याच्याकडे बघितलं. त्याला वाटलं मला काहीतरी हवंय, त्याने पॉपकॉर्न पुढे केले.

मी घेतले, मास्तर. काय करणार.

तुम्हाला जाऊन महिना होत आला. पुण्यानुमोदन झालं. नव्या इमारती होईपर्यंत आपल्याला ज्या करी रोडच्या भाड्याच्या खोलीत टाकलंय तिथे माणसं मावणार नव्हती, म्हणून विहारात ठेवलं. खूप जण आले. एकेक करून माईकवर बोलले. सगळ्यांचं सारखंच सुरू व्हायचं, "महान गायक काशीदादा यांना ज्यांनी पेटीवर साथ दिली," आणि पुढची दहा मिनिटं काशीदादाच. त्यात पोस्टर लागलेले, सिनेमा येतोय येतोय चाललेलं. कोणाला तुमच्यात रस नव्हता असं मी म्हणत नाही. तुम्ही बोलत नव्हता, त्यामुळे लोकांकडे तुमच्याबद्दल बोलायला काही नव्हतं. मग कोणीतरी माईक माझ्या हातात दिला. मी परत दिला. थकले होते. तुमचं दुखणं, हॉस्पिटलच्या खेपा, लिफ्ट बंद पडली की चार मजले, या सगळ्याने हाडं नुसती भरून आली होती. आणि खरं सांगू? काय बोलायचं हेच कळत नव्हतं. जे बोलायचं ते बोलायला तुम्ही बंदी घातली होतीत.

आपलं भांडण अर्धंच राहिलं. तुम्ही मध्येच उठून गेलात. आयुष्यभर हेच केलंत, भांडण रंगात आलं की "आलोच" म्हणून पायात चपला. आता तरी बसा आणि ऐका.

सिनेमात काय दाखवलंय ते सांगते. समोरच्या गायनपार्टीचा एक माणूस तुमचे कान भरतो. तुम्हाला दादांचा हेवा वाटत असतो, हार त्यांच्या गळ्यात आणि तुमच्याकडे कोणी बघतही नाही म्हणून. मग तुम्ही दर कार्यक्रमाला पेटीची पट्टी हळूहळू खाली आणत जाता. दादांना न सांगता. कॅमेरा सारखा तुमच्या बोटांवर. दादा भोळे, डोळे मिटून गातात. वर्षं जातात, आणि एक दिवस स्टुडिओत त्यांचा आवाज वर जातच नाही. सगळ्यांदेखत फाटतो. दादा तुमच्याकडे बघून म्हणतात, "तू माझा गळा खाल्लास." मागे व्हायोलिनं वाजतात. तुम्ही मान खाली घालून निघून जाता, आणि थिएटरमधली बायाबापडी तुम्हाला शिव्या घालतात.

आणि मास्तर, गंमत बघा. तो कान भरणारा माणूस आणि तो हेवा सोडला तर यातलं सगळं घडलेलं आहे. पट्टी तुम्ही उतरवत होता. न सांगता. दादा स्टुडिओत तेच बोलले होते, अगदी त्याच शब्दांत. मी तिथे होते. मग मी उठून कोणाला सांगू की हे खोटं आहे?

जे त्यात नाही ते मी तुम्हालाच सांगते. तुम्हाला माहीत आहे, तरी सांगते.

काशीदादांची पट्टी काळी चार. पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सूर धरून गायचं. पुरुषाला ती जागा फार उंच, भल्याभल्यांच्या मानेच्या शिरा फुगायच्या तिथे. दादा मात्र हसत हसत जायचे. एप्रिल आला, जयंतीचे कार्यक्रम सुरू झाले, की स्टेजवर उभं राहून पहिलं वाक्य हेच, "काळी चारचा बाप आलाय, बसून घ्या." लोक वेडे व्हायचे. समोरच्या पार्टीचा गायक काळी दोनला आटपायचा. त्याच्याकडे बघून दादा असा काही रुमाल हवेत फिरवायचे की मैदान डोक्यावर घ्यायचे लोक.

मग त्या वर्षी दादांना टायफॉइड झाला. ऐन जयंतीच्या तोंडावर. उठले ते अर्धे होऊन उठले. आपल्याच मैदानात कार्यक्रम होता. दुपारी खोलीत तालीम केली आणि अंतऱ्याला आवाज फाटला. पुन्हा केलं, पुन्हा फाटला. दादा उठून जिन्यात जाऊन बसले. मी पाणी घेऊन गेले तर तुम्हाला सांगत होते, "मास्तर, आज आपल्याच माणसांपुढे गळा बसला ना, तर मी परत कधी उभा राहणार नाही. लिहून घे." तुम्ही माझ्या हातातलं पाणी घेऊन त्यांना दिलंत. तुम्ही कधी बोललात?

संध्याकाळी तुम्ही पेटी लावली आणि काळी चार न देता पांढरी पाच दिलीत. अर्धाच सूर खाली. ढोलकीवाल्या बबनला डोळ्याने खुणावलंत, त्याने ढोलकीच्या कड्या सैल केल्या. दादांनी डोळे मिटून सूर घेतला आणि गायले. काय गायले ते! तापातून उठलेला माणूस वाटेना. अंतरा असा सरळ वर गेला. लोक उभे राहिले. गाणं संपल्यावर दादांनी स्टेजवरच तुम्हाला मिठी मारली, लहान पोरासारखे रडले, आणि माईकमध्ये ओरडले, "गेला नव्हता रे! आहे माझा गळा!"

तिथे चूक झाली, मास्तर. त्या मिठीत. त्यानंतर तुम्ही सांगणार तरी कसं?

मला दुसऱ्याच कार्यक्रमाला कळलं. कोरसच्या ओळीत खालचे सूर माझ्या गळ्यातून निसटायला लागले, माझा आवाज तेव्हा वरचा होता. घरी आल्यावर भाकरी थापता थापता तुम्हाला विचारलं, "मास्तर, आज पेटी कुठे होती?" तुम्ही दार लोटून घेतलंत. म्हणालात, "हळू बोल."

"उद्या सांगा त्यांना."

"उद्या कार्यक्रम आहे."

"मग परवा सांगा."

"परवा शीव कोळीवाड्यात आहे."

असा आपला संसार, सदा कार्यक्रम. एक जयंती गेली, दुसरी आली. तुम्हाला वाटलं होतं अंगात ताकद आली की आवाज परत येईल आणि तुम्ही जशी गुपचूप उतरवली तशी गुपचूप चढवाल. एकदा चढवून बघितलीतही. दादा अंतऱ्याला अडखळले, लगेच खाली आलात. मग काळी तीन झाली. मग पांढरी चार. दादांचं मात्र तेच, "काळी चारचा बाप आलाय!" लोक टाळ्या वाजवायचे, मी मान खाली घालून पदर सारखा करायचे.

मी तुमच्याशी किती भांडले! म्हणायचे, हा खोटेपणा आहे. माणसाला त्याचाच गळा कळू देत नाही तुम्ही, त्याचे आईबाप आहात का? तुमचं एकच उत्तर, "सांगितलं तर तो गाणं सोडेल." मी म्हणायचे, सोडू दे, त्याचं तो बघेल. तुम्ही म्हणायचा, "आणि लोकांनी काय करायचं?" एवढं बोललात की झालं, चपला. कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन बसायचं. मी आपली भांडी आपटायची.

मग कॅसेट कंपनीवाल्यांनी जुनी गाणी नव्याने करायला बोलावलं. तिथे पेटी नव्हतीच, सगळं वाजवणं आधीच भरून ठेवलेलं, दादांनी कानाला लावून नुसतं गायचं. ते त्यांनी जुन्या कॅसेटवरून काळी चारलाच बनवलेलं. तुम्हाला काचेबाहेर बसवलं होतं, मला कोरससाठी आत. पहिल्याच ओळीला दादांचा चेहरा बदलला. तीन वेळा गायले, तीनही वेळा फाटले. तो कंपनीचा पोरगा बिचारा घाबरून म्हणाला, "दादा, पट्टी तुमचीच आहे." दादांनी कानातलं काढलं. बाहेर आले. तुमच्यापुढे उभे राहिले.

"मास्तर, काल मी कुठल्या पट्टीत गायलो?"

"पांढरी चार."

"कधीपासून?"

"बरीच वर्षं झाली, दादा."

मला वाटलं, आता हा माणूस तुमच्या गळ्यात पडेल. पडला नाही. सगळा स्टुडिओ बघत होता ना. म्हणाला, "खाली गाऊन गाऊन वरचं विसरला माझा गळा. तू माझा गळा खाल्लास." मी मध्ये पडले, म्हटलं, "दादा, टायफॉइडनंतर तुमचा..." तर तुम्हीच माझ्यावर डोळे वटारलेत, "सुमन, गप्प बस." बायको मध्ये बोलली म्हणून नाही वटारलेत, ते मला तेव्हाच कळलं. मी वाक्य पुरं केलं असतं तर त्या परक्या पोरांपुढे दादा उघडे पडले असते.

दोघंही बाहेर पडलो ते परत कधी पार्टीत गेलो नाही. घरी येऊन मी रडरड रडले. तुम्ही शांतपणे पेटीवर चादर घातलीत आणि म्हणालात, "त्याला लाज वाटली गं. लाज वाटली की समोर कोणीतरी लागतं. मी होतो." मला तुमचा इतका राग आला की मी त्या दिवशी तुम्हाला जेवायलाच वाढलं नाही. तुम्ही स्वतः घेऊन जेवलात, वर माझंही ताट वाढून ठेवलंत. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

दादा त्यानंतर दुसऱ्या पेटीवाल्याला घेऊन काही वर्षं गायले. हट्टाने काळी चारलाच. आवाज फाटायचा, लोक हळहळायचे, मास्तरने दादांचा गळा घालवला म्हणायचे. चाळीत आपल्याशी बोलणं कमी झालं. दादा गेले तेव्हा तुम्ही मागच्या मागे उभे राहिलात, फूल वाहिलंत आणि घरी आलात. त्या रात्रीपासून कधीतरी अधूनमधून विचारायचा, "सुमे, खरंच माझ्यामुळे गेला असेल का गं त्याचा आवाज?" मी उत्तर दिलं नाही कधी. मला माहीत नव्हतं. आजही नाही. गळा वरचं विसरतो हे खोटं नाही. पण तुम्ही खाली आणला नसता तर त्या जयंतीलाच तो माणूस स्टेजवरून उतरून कायमचा घरी बसला असता, हेही खोटं नाही. यातलं जास्त खरं कुठलं, ते मला ठरवता येत नाही. थकले मी ठरवून ठरवून.

आणि मग ती रेवती आली, सिनेमावाली. चांगली पोर होती, मी तिला वाईट म्हणणार नाही. चपला बाहेर काढायची, खाली बसायची, माझ्या हातचं सुकं आवडीने खायची. आपली चाळ तोपर्यंत रिकामी केली होती, म्हणून त्यांनी ती स्टुडिओत बांधून काढली. इथे पाडली आणि तिथे बांधली, बघा. नळाशी भांड्यांची रांगसुद्धा लावली होती म्हणे. तिने तुम्हाला विचारलं, "मास्तर, तुम्ही पट्टी उतरवायचात हे खरं?" तुम्ही म्हणालात, "हो." "दादांना न सांगता?" "हो, न सांगता." मी आत चहा गाळत होते. म्हटलं आता सांगतील टायफॉइडचं, आता सांगतील जिन्यातलं. तुम्ही म्हणालात, "चहा घे, बाळा."

ती गेल्यावर मी तुमच्यावर तुटून पडले. "अर्धंच सांगितलंत तुम्ही!"

"तिने अर्धंच विचारलं."

"अहो, राक्षस करतील तुमचा!"

तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझ्यापुढे इतकं लांब बोललात. म्हणालात, "सुमे, माणूस गेला. त्याचा आवाज तेवढा राहिलाय लोकांकडे. काळी चारचा बाप म्हणून पोरांना सांगतात. आता तोही मी खाली उतरवू? सिनेमा करून?" मी म्हटलं, आणि तुमचं काय? मीनलचं काय, तिला लोक काय म्हणतील? तुम्ही म्हणालात, "मीनल माझी आहे, तिला कळेल." मी म्हटलं, कसं कळेल, तुम्ही सांगाल का? मला शपथ घातलीत, कोणाला बोलायचं नाही. आणि उठलात. या वेळी चपला नव्हत्या, दम लागत होता तुम्हाला, नुसते उठून खिडकीपाशी गेलात. महिन्याभरात हॉस्पिटल, मग सिनेमा तयार होईपर्यंत नुसत्या खेपा. भांडण तिथेच राहिलं.

तर मीनलला कळलं नाही, मास्तर. हे सांगायला मी एवढं सगळं घोळवतेय. तिला काहीच कळलं नाही.

ती शुक्रवारी सिनेमा बघून आली आणि तुमच्या फोटोकडे न बघता बाथरूममध्ये गेली. नळ सोडून बराच वेळ आत. जेवली नाही. शनिवारी ऑफिसचं काम आहे म्हणून दिवसभर लॅपटॉप. पोरीला लहानपणी दादांनी खांद्यावर बसवून मैदानात फिरवलंय. आपण पार्टी सोडली तेव्हा तिला आपण सांगितलं होतं की बाबांना आता झेपत नाही. तेवढ्यावर ती मोठी झाली. तिच्या लेखी जगात दोनच माणसं सरळ होती, एक तिचे बाबा आणि दुसरे दादाकाका. आता त्यातलं कोण वाकडं, हे ती माझ्या तोंडाकडे बघून शोधत होती. आणि मी तुमच्या शपथेपायी ओठ शिवून बसलेली. तुम्ही मेल्यावर माझ्या पोरीच्या मनातून पण जाणार, आणि मी नुसतं बघायचं? म्हणून काल गेले बघायला. बघितलं आणि ठरवलं, शपथ गेली खड्ड्यात.

आज रविवार. सकाळी मीनल चहा घेऊन समोर बसली. म्हणाली, "आई, एकच सांग. बाबांनी दादाकाकांची पट्टी न सांगता उतरवली?"

"हो."

"मग सिनेमावाल्यांनी खोटं काय दाखवलं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, टायफॉइडपासून चहा घे बाळापर्यंत. हाताची घडी घालून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "आई, तू बाबांचीच बाजू घेणार ना."

बरोबर आहे तिचं. बबन केव्हाच गेला. दादा गेले, तुम्ही गेलात. उरली ती बायको. बायकोची साक्ष कोण धरतं?

मला संताप आला. तुमच्यावर, तिच्यावर, त्या मिशीवाल्यावर. म्हटलं, "काढ ती पेटी. पट्टी उतरवणं म्हणजे काय असतं ते दाखवते तुला." तुम्ही गेल्यापासून पेटी कपाटावर होती. तिने उतरवली, खिडकीत तुमच्या जागी घेऊन बसली. तुम्हीच शिकवलंय तिला, बोटं विसरलेली नाहीत. मी समोर बसले, जशी रोज संध्याकाळी तुमच्यासमोर बसायचे, पेटीची पाठ माझ्याकडे. म्हटलं, "दे काळी चार. माझी पट्टी आहे ती, साठी उलटली तरी अजून आहे. आधी तिथे गाते. मग मी सांगेन तशी एकेक खाली ये, आणि बघ गाणाऱ्याला किती कळतं ते."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग सूर दिला.

तुमच्या चालीतलं ते आपलं संध्याकाळचं गाणं घेतलं. मुखडाच कसाबसा झाला. अंतऱ्याला गेले तर आवाज चरकन फाटला. म्हटलं, महिनाभर गायले नाही ना. पुन्हा घेतलं, पुन्हा फाटला. म्हटलं, रडून रडून घसा सुजलाय. पाणी प्यायले. तिसऱ्यांदा फाटल्यावर तिच्यावरच ओरडले, "नीट दे की सूर! बाबा असे द्यायचे का?"

मीनलने भाता ओढला आणि पुन्हा सूर दिला. मी डोळे मिटले आणि गायले. आणि मास्तर, काय सांगू, अंतरा असा मोकळा वर गेला! कुठे अडलं नाही, कुठे ताण नाही. रोज संध्याकाळी जायचा तसाच. मी डोळे उघडून म्हटलं, "हं! आता कसं दिलंस! मला वाटलं गळा पण तुझ्या बाबांबरोबर गेला."

मीनल रडत होती. पेटी सरकवून तिने माझ्याकडे फिरवली. तिचं बोट काळ्या पट्टीवर नव्हतंच. पांढरी तीन धरली होती.

"आई, बाबा तुला इथूनच द्यायचे."

"कधीपासून?"

"खूप वर्षं झाली. मी एकदा बघितलं आणि विचारलं. म्हणाले, आईला कळलं तर ती गायची थांबेल. आणि ती गायची थांबली तर मी या घरात काय करू. तू बोलू नकोस." तिने नाक पुसलं. "मला वाटायचं हे फक्त तुझ्यासाठी करतात. दादाकाकांसाठी पण करायचे, हे मला माहीत नव्हतं गं." आणि मग ती तुमच्या पेटीवर डोकं ठेवून अशी रडली, जशी तुम्हाला नेलं तेव्हाही रडली नव्हती. मध्येच "बाबा, सॉरी, बाबा" म्हणत होती.

म्हणजे कळलं तिला, मास्तर. तुम्ही म्हणाला होतात तसं.

आणि मला काय कळलं ते विचारा. दादांची उतरलेली पट्टी मला दुसऱ्याच कार्यक्रमाला कळली होती, आणि माझी स्वतःची इतक्या वर्षांत नाही. विहारातल्या बायकांना मी सांगत फिरायचे, माझी अजून काळी चार आहे म्हणून. तुम्ही शेजारी उभे राहून मान डोलवायचा. आधी असा संताप आला की फोटो उलटा करावासा वाटला. मग आठवलं, आपलं भांडण चालायचं आणि मी तावातावाने म्हणायचे की माणसाला त्याचा गळा सांगितलाच पाहिजे, आणि त्याच संध्याकाळी समोर बसून मी गायचे आणि तुम्ही मला खालचा सूर देत असायचात. हसत होतात का हो मनात? नसाल हसत. तुम्हाला जमायचं नाही ते.

सांगितलं असतंत तर मी थांबले असते. खरंच थांबले असते. अभिमानी आहे मी, तुम्हाला माहीत होतं. इतक्या संध्याकाळी गेल्या असत्या, मास्तर. त्या तुम्ही मला ठेवल्यात, म्हणून मी तुमचे आभार मानते, आणि मला सांगितलं नाहीत म्हणून मी अजून रागावलेली आहे. दोन्ही. तुम्ही आता उठून जाऊ शकत नाही, तेव्हा दोन्ही ऐकून घ्या.

बऱ्याच वेळाने मीनलने तोंड धुतलं. पेटीवर चादर घालायला लागली. म्हणाली, "पुरे का आज?"

मी म्हटलं, "बस खाली. पांढरी तीन पण जड जातेय मला आता. अजून अर्धा सूर खाली घे. आणि घेतलीस की मला सांग."

तिने भाता ओढला.

"घेतली, आई."

मग मी गायले.